बेस गिटार तिसऱ्या महिन्यात बॅगेत जाऊ नये म्हणून

माझा बेस तिसऱ्या महिन्यात बॅगेत गेला तो अख्खा पावसाळा बाहेर आलाच नाही. आळस हे कारण नव्हतं हो, एकटा बेस वाजवला की गाण्यासारखं काही ऐकूच येत नाही. आई आतून विचारायची, "हे ढुम ढुम झालं, गाणं कधी?"

तर एकट्याने वाजवत बसू नका. गाणं लावा आणि नुसते कॉर्डचे (एकत्र वाजणाऱ्या सुरांचे) रूट धरा, म्हणजे ज्या सुरावरून कॉर्डला नाव मिळतं तो एकच सूर. जी, ई मायनर, सी, डी असं चालणारं गाणं असेल तर चार सूर, प्रत्येकी एक बार (बहुतेक गाण्यांत चार ठोके), झालं! जी म्हणजे सगळ्यात जाड तारेवर तिसरा फ्रेट (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांमधलं घर), ई तीच तार मोकळी, सी शेजारच्या ए तारेवर तिसरा, डी तिच्यावरच पाचवा. पहिल्याच आठवड्यात आपण गाण्यात आहोत असं वाटतं. फक्त मोबाइलच्या स्पीकरवर गाणं लावू नका, जाड तार ४१ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे खूप खालच्या सुरात वाजते आणि ते त्या एवढ्याशा स्पीकरला झेपत नाही, हेडफोन घ्याच, शेजारीही खूश.

दुसरं म्हणजे आवाज घाण येतो म्हणून लोक वैतागतात आणि बोटांना दोष देतात, पण बऱ्याचदा सूर बरोबर असतो आणि न वाजवलेल्या तारा मागे घुमत असतात. जाड तार वाजवताना उजवा अंगठा पिकअपवर (तारांखालची आवाज पकडणारी पट्टी) टेकवा, ए तारेवर गेलात की अंगठा उचलून त्या जाड तारेवर ठेवा, ती गप्प. मला हे कोणी चार महिने सांगितलंच नाही.

बोटांची टोकं दुखतील, दोन-तीन आठवड्यांत घट्टे पडतात. मनगट दुखलं तर मात्र थांबायचं. पहिल्या फ्रेटपाशी बोटं पुरत नसतील तर पाचव्याच्या पुढे सराव करा, तिथे फ्रेट जवळजवळ असतात. तरीही तारा दाबायला फारच जोर लागतोय? दुकानात नेऊन सेटअप (तारांची उंची वगैरे नीट लावणं) करून घ्या, नवीन बेस बघत बसू नका (मी बघत बसलो, दोन महिने गेले).

रोज १५ मिनिटं पुरे, मेट्रोनोम (ठरावीक वेगाने टिकटिक करणारं यंत्र किंवा अ‍ॅप) मिनिटाला ६० ठोक्यांवर. बेस बॅगेत नाही, स्टँडवर, येताजाता दिसेल असा. आणि बिल्डिंगमध्ये कोणी ढोलकी किंवा काहोन (वर बसून वाजवायचा लाकडी खोका) वाजवणारा असेल तर चहाला बोलवा, त्याच्या ठेक्याला आपला सूर नेमका बसला की तासभर घड्याळाकडे बघत नाही माणूस. आमच्याकडे हल्ली आईच विचारते, तो ढोलकीवाला कधी येणार.