कांद्याच्या निर्यातबंदीवर वाद घालायचाय? मग आधी हे करा

कोणी म्हटलं "शेतकऱ्याला सगळं फुकट मिळतं" तर चिडू नका, सबसिडी मिळते हे सरळ मान्य करा, युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते ती त्यामुळेच. मग विचारा, निर्यात अडवून इथला कांद्याचा भाव पाडला, तेव्हा सरकारने दुसऱ्या हाताने किती काढून घेतलं? इथे तारखा पाठ हव्यात बरं का. ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क, ८ डिसेंबरपासून थेट बंदी, ती उठली मे २०२४ ला पण ४० टक्के शुल्क आणि टनाला किमान ५५० डॉलर निर्यातभावाची अट ठेवूनच, शुल्क पूर्ण गेलं १ एप्रिल २०२५ ला.

डिसेंबरचा मुद्दा सोडू नका. तेव्हा लाल कांदा निघतो, तो उन्हाळी कांद्यासारखा चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या शेडमध्ये, महिनोनमहिने टिकत नाही, कोंब फुटतात, सडतो, म्हणून लासलगावला ट्रॅक्टर उभा केला की मिळेल त्या भावात द्यावाच लागतो.

शहरातल्या गरिबाने काय खायचं हा प्रश्न खराच आहे, उडवून लावू नका. फक्त एवढं विचारा, स्वस्त कांद्याचा खर्च सरकारी तिजोरीतून का नाही, शेतकऱ्याच्याच खिशातून का? आणि उपाय विचारला तर कांदा वाळवून पावडर करणारी छोटी युनिटं तालुक्यातच हवीत हे सांगा.