लुक्कात राहा, रेल्वेचं तिकीट सकाळी काढा

इटलीतल्या टस्कनी प्रांताची खेडी बघायला गाडी भाड्यानं घेतली की पार्किंग आणि दंडाचा ताप. त्यापेक्षा तिथल्या लुक्का शहरात मुक्काम करा आणि रेल्वेनं फिरा. स्टेशन जुन्या तटबंदीच्या दक्षिणेला, अगदी लागून आहे.

१. रिजनल (प्रदेशातल्या प्रदेशात धावणाऱ्या) गाड्यांचं भाडं ठरलेलं असतं, आधी काढून स्वस्त पडत नाही. म्हणून सकाळी आभाळ बघूनच बेत ठरवा.

२. आधी परतीची शेवटची गाडी बघा, मग जायची. रविवारी बस फारच कमी असतात, तो दिवस लुक्कासाठीच ठेवा.

३. गार्फान्याना खोऱ्याची गाडी धरा. बोर्गो आ मोत्झानोला उतरून नदीकाठच्या जुन्या कमानी पुलापर्यंत चालत जाता येतं. (पुलाच्या एका कमानीखालून रेल्वे जाते, ते बघाच.) बार्गा गाव मात्र स्टेशनपासून बरंच लांब आणि चढावर आहे, बसची वेळ आधीच जुळवून घ्या.

४. पिसाला जायचं तर पिसा सान रोस्सोरेला उतरा. झुकता मनोरा तिथून मुख्य स्टेशनपेक्षा खूपच जवळ.

एक लक्षात ठेवा: कागदी तिकिटावर चढण्याआधी स्टेशनवरच्या यंत्रात शिक्का मारून घ्यायचा, मोबाइलवरच्या तिकिटाचं चेक-इन करायचं. नाहीतर तिकीट असूनही दंड होतो.