नियमांचं पुस्तक मिटा, आधी एसआरडी उघडा

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून पात्रं रंगवत खेळायच्या खेळासाठी लिहिलेलं माझं पहिलं साहस, म्हणजे खेळाडूंनी खेळायची गोष्ट, 24 पानांचं होतं. कोकणातलं गाव, वेशीवरचा राखणदार आणि शेवटच्या गुहेत बिहोल्डर, म्हणजे अनेक डोळ्यांचा राक्षस. पीडीएफ विकायला ठेवण्याच्या आदल्या रात्री एका मित्राला वाचायला दिली. त्याने एवढंच विचारलं, "हा डोळेवाला कुठून आणलास?"
"पुस्तकातून."
"कुठल्या?"
तिथेच माझी चूक होती. मी विकत घेतलेलं जाडजूड पुस्तक खेळायला होतं, उचलायला नाही. उचलायला परवानगी असलेला भाग म्हणजे एसआरडी, सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट. 5.1 आवृत्तीत बाराही क्लास, म्हणजे पात्रांचे पेशे, आहेत, पण प्रत्येकाची एकच उपशाखा. फीट, म्हणजे पात्राचं जादा कौशल्य, एकच, ग्रॅपलर. पात्राची पार्श्वभूमीही एकच, अ‍ॅकोलाइट. राक्षसांपैकी गोब्लिन आहे, आउलबेअर आहे. बिहोल्डर आणि माइंड फ्लेअर मात्र खेळाची मालक कंपनी विझर्ड्स ऑफ द कोस्टने स्वतःकडे राखून ठेवलेत. शेवटची गुहा मी पुन्हा लिहिली.

मग परवान्यांकडे वळलो. 2000 साली विझर्ड्स ऑफ द कोस्टने ओजीएल (ओपन गेम लायसन्स), म्हणजे खेळाचे नियम इतरांना वापरू देणारा परवाना, आणला आणि त्याच्या भरवशावर अनेक छोटे प्रकाशक उभे राहिले. जानेवारी 2023 मध्ये नव्या परवान्याचा मसुदा फुटला. जुना परवाना यापुढे अधिकृत नाही, आणि वर्षाची विक्री 7,50,000 डॉलरच्या पुढे गेली की वरच्या रकमेवर 25 टक्क्यांपर्यंत रॉयल्टी द्या, असं त्यात होतं. सगळी मेख एका शब्दात होती. जुन्या परवान्यात 'कोणतीही अधिकृत आवृत्ती वापरा' असं लिहिलं होतं, आणि 'अधिकृत' कोण ठरवणार हे कुणी धड विचारलंच नव्हतं. लोक इतके भडकले की 27 जानेवारीला कंपनीने एसआरडी 5.1 क्रिएटिव्ह कॉमन्सच्या सीसी बाय 4.0, म्हणजे श्रेय देऊन कुणीही वापरावं अशा परवान्याखाली खुला केला. तो परवाना परत घेता येत नाही. म्हणून नवख्याने आज इथूनच सुरुवात करावी, असं माझं मत.

पाथफाइंडर हा अशाच धाटणीचा खेळ काढणाऱ्या पायझो कंपनीने त्याच वर्षी ऑर्क परवाना आणला. तोही चांगला आहे, पण त्याखाली छापलेले तुमचे स्वतःचे नवे नियमही आपोआप सगळ्यांसाठी खुले होतात. सीसी बायमध्ये तशी सक्ती नाही. हा फरक सही करण्याआधी कळलेला बरा. (सही कसली म्हणा, छापलं की झाली सही!)

सीसी बायमध्ये श्रेय द्यावंच लागतं. एसआरडीच्या सुरुवातीला तयार वाक्य दिलंय, ते शब्दशः उतरवा. स्वतःची कलाकुसर नको. मुखपृष्ठावर खेळाचं नाव किंवा लोगो नको, 'फिफ्थ एडिशनशी (खेळाच्या पाचव्या आवृत्तीशी) सुसंगत' एवढं चालतं. चित्रं आणि नकाशे यांचे परवाने वेगळे तपासा. एनसी (नॉन-कमर्शियल, म्हणजे व्यापारी वापराला मनाई) दिसलं की विकायच्या पीडीएफमध्ये ते चित्र नको.

राखणदार मात्र कुठल्याच कंपनीचा नाही. त्याच्यावरची माझी 4 पानं मीही सीसी बायखाली ठेवली आहेत. नाव द्या आणि खुशाल वापरा. फक्त खेळाडूंना नारळ ठेवायला लावा, नाहीतर तो वेस ओलांडू देत नाही.