निमंत्रितांची स्नूकर स्पर्धा: आधी टेबल, मग फ्लेक्स

बेळगावात व्यावसायिक खेळाडूंना बोलावून स्नूकर भरवायचं म्हटलं की कमिटीत पहिली चर्चा रंगते ती फ्लेक्सवर कुणाचे फोटो याची. ती बाजूला ठेवा, आधी तारीख धरा. जून ते सप्टेंबर नकोच. आपल्याकडच्या पावसात भिंतीही ओल धरतात, मग टेबलाचं कापड कसं सुटेल? एक नोव्हेंबरला राज्योत्सव आणि मराठी भाषकांचा काळा दिवस, त्यामुळे आसपास गावात बंदोबस्त. डिसेंबरात सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की धड लॉज मिळत नाही. अधिवेशन उरकल्यावरचा पौष उत्तम. लग्नं नसल्यानं मंगल कार्यालयं मोकळी, भाड्यात घासाघीस चालते, हवा कोरडी. मात्र ॲडव्हान्स देण्याआधी बेंगळुरूच्या कर्नाटक स्टेट बिलियर्ड्स असोसिएशनला फोन करा. त्याच आठवड्यात राष्ट्रीय स्पर्धा असेल तर निमंत्रणं पाठवायची कुणाला?

लंडनच्या मास्टर्स या निमंत्रितांच्या स्पर्धेला आज १६ जण बोलावतात. आपल्याला आठ पुरेत. एका टेबलावर, बेस्ट ऑफ नाइननं (नऊपैकी पाच डाव आधी जिंकेल तो पुढे), चार दिवसांत उरकतं.

हॉल तळमजल्यावरचाच बघा. पूर्ण मापाचं टेबल १२ बाय ६ फूट, वजन दीड टनाच्या घरात. जिन्यावरून टेबलाची दगडी स्लेट चढवताना कोपरा उडाला तर पुढचं सगळं वाया. क्यू, म्हणजे खेळायची काठी, मोकळा फिरायला २२ बाय १६ फूट जागा लागते, खुर्च्या त्याच्या बाहेर. टेबल दोन दिवस आधी उभं करा. वजनानं पाय बसतात, म्हणून लेव्हल दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासायची. कापड नवं हवं, आणि ब्रश काय, इस्त्री काय, बॉक लाइनकडून (खेळ सुरू होतो त्या टोकाची आडवी रेघ) काळ्या बॉलच्या टोकाकडेच. उलट हात फिरला की लव उलटी बसते आणि हळू मारलेला बॉल भलतीकडे वळतो. इस्त्रीतून पाण्याचा थेंब पडता कामा नये. मोठ्या स्पर्धांत स्लेटखाली हीटर असतात; ते नसतील तर रात्री दारं-खिडक्या बंद आणि टेबलावर कव्हर, एवढं तरी पाळा. पॉकेटचं माप रेफरीकडून घ्या. क्लबातली पॉकेटं बहुधा ढिली असतात, आणि तसल्या टेबलावरच्या शंभराच्या ब्रेकला, म्हणजे एका पाळीत सलग केलेल्या शंभर गुणांना, हे व्यावसायिक हसतील.

टेबलावर सावली पडू देऊ नका. जनरेटर आधी चालवून बघा, आणि तो हॉलपासून लांब ठेवा.

रेफरीसोबत गुण नोंदणारा चांगला मार्कर हवाच. नियमाचा बॉल गाठायचा पुरेसा प्रयत्न झाला नाही म्हणून रेफरीनं ‘मिस’ पुकारला, की समोरच्यानं मागितल्यास बॉल होते तिथे परत मांडावे लागतात. त्यासाठी वर एक कॅमेरा आणि मार्करसमोर स्क्रीन असला की वाद होत नाहीत.

प्रेक्षकांची मला जास्त काळजी वाटते. कुस्तीच्या मैदानावर आरोळी ठोकायची सवय असलेलं गाव हे. दारावर दोन दांडगे पण गोड बोलणारे कार्यकर्ते उभे करा. मोबाईल बंद, आणि फटका चालू असताना कुणी उठायचं नाही. निपाणी-खानापूरहून येणाऱ्यांना शेवटच्या एसटीची घाई असते, तेव्हा संध्याकाळची मॅच पाचलाच लावा.

आता तो फ्लेक्स. कन्नड वर आणि मोठं, मराठी खाली, महापालिकेची परवानगी हातात. फळीवरच्या अक्षरांवरून स्पर्धा अडकायला नको. बेळगावची मिठाई कुंदा खेळाडूंना निघताना द्या, हॉलमध्ये नको. तुपाचे हात टेबलाच्या कडेच्या कुशनला लागतात. आणि मार्करचे पैसे फायनलच्या रात्रीच चुकते करा.