एकच टायर लवकर झिजला: वॉरंटी क्लेम अखेर मंजूर

पुढच्या डाव्या टायरच्या नक्षीची खोली १९,००० किमीतच ८ मिमीवरून ४ वर आली. उजव्याची अजून ६.५. डीलरचं एकच पालुपद, ‘अलाइनमेंट गेलंय’, म्हणजे चाकांचे कोन बिघडलेत, टायरचा दोष नाही. कस्टमर केअरला तीन फोन केले, डोकं फिरलं.

मग दुसऱ्या दुकानात अलाइनमेंट तपासून छापील रिपोर्ट घेतला. काही दुरुस्त करण्याआधीचे आकडेच हवेत, नंतरचे चालत नाहीत. गेजने नक्षीची खोली आत, मध्ये, बाहेर मोजून फोटो काढले. टायरच्या बाजूवरच्या डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे (टायर कधी बनला ते; २३२२ म्हणजे २०२२चा २३वा आठवडा), खरेदीची पावती आणि रिपोर्ट जोडून अधिकृत डीलरकडे क्लेम फॉर्म भरला. लेखी पोच घेतल्याशिवाय टायर सोडला नाही.

तपासणीत दोष मान्य झाला. टायर फुकट मिळत नाही हं: १.६ मिमी खोली उरली की टायर बाद, म्हणून ८ पैकी वापरण्याजोगे ६.४ मिमी, त्यातले ४ गेले, म्हणून ६२.५ टक्के किंमत मी भरली.