फाइली कोण उघडतंय? पायथनमधून कर्नललाच विचारा

सर्व्हरवर सतत फाइली कोण उघडतंय, हे शोधायला मी बीसीसी वापरते. पायथनमधून लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, छोटे ईबीपीएफ प्रोग्राम चालवायचं हे साधन. उबुंटूवर बीसीसीचं पायथन पॅकेज आणि चालू कर्नलचे हेडर्स (प्रोग्राम कंपाइल करायला लागणाऱ्या फाइली) एपीटीनेच, म्हणजे उबुंटूच्या पॅकेज मॅनेजरनेच घ्या. पिपवरचं (पायथनच्या पॅकेज मॅनेजरवरचं) बीसीसी वेगळंच आहे. त्यात माझी अख्खी दुपार गेली.

पायथनच्या फाइलीतच सीचं छोटं फंक्शन मजकूर म्हणून ठेवा. त्यात पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) घ्यायचा आणि हॅश मॅपमध्ये, म्हणजे पायथनलाही वाचता येणाऱ्या कर्नलमधल्या तक्त्यात, त्याच्यापुढचा आकडा एकने वाढवायचा. पीआयडी देणाऱ्या कर्नलच्या हेल्पर फंक्शनकडून ६४ बिट मिळतात, ते ३२ बिट उजवीकडे सरकवा. नाहीतर हाती थ्रेडचा आयडी येतो. फंक्शन ओपनॅट (openat) या फाइल उघडणाऱ्या सिस्टिम कॉलला केप्रोबने जोडा, म्हणजे तो कॉल झाला की ते चालेल; सुडोने चालवा आणि दर ५ सेकंदांनी मॅप वाचा.

प्रोग्राम लोड होताना कर्नलमधला व्हेरिफायर कोडची प्रत्येक वाट तपासतो. मॅपमधून आलेला पॉइंटर नल (रिकामा) आहे का, हे न बघता वापरलात तर प्रोग्राम तिथेच नाकारला जातो, चालत्या मशीनला धक्का लागत नाही. म्हणूनच प्रॉडक्शनवर हे चालवायला मला भीती वाटत नाही. स्टॅक (फंक्शनच्या तात्पुरत्या व्हेरिएबल्सची जागा) मात्र जेमतेम ५१२ बाइटचा. फाइलींच्या नावांसाठी २५६ बाइटचे दोन बफर घेतले आणि मी तिथेच अडले. ते पर-सीपीयू ॲरेत, म्हणजे प्रत्येक सीपीयूसाठी वेगळी जागा असलेल्या मॅपमध्ये, हलवल्यावर सुटलं.