लाईट दोन तास गेली की दोन आठवडे? दुकानदारांनो, या चुका टाळा

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा आमच्या दुकानाचं शटर आम्ही दोघांनी आतून धरून ठेवलं होतं. दापोली तालुक्यातलं किनाऱ्यालगतचं गाव. किराणा आणि त्याला जोडून दूध-आइस्क्रीमचं छोटं काउंटर. वारा पडल्यावर बाहेर आलो तर समोरची सुपारीची बाग आडवी झालेली आणि तिच्याखाली विजेच्या तारा. हे सगळं डोळ्यांनी बघूनही मी बायकोला म्हटलं, "येईल गं उद्या सकाळपर्यंत."

लाईट आली सव्विसाव्या दिवशी.

भारनियमनाच्या वर्षांनी आपल्याला एक सवय लावून ठेवली आहे. लाईट गेली की मेणबत्ती लावायची, वारा घालत बसायचं आणि वाट बघायची. दोन तासांसाठी ते ठीकच आहे. पण दोन आठवड्यांसाठी गेलेली लाईट हे वेगळंच दुखणं आहे. माझं जे नुकसान झालं, त्यातलं वादळाने केलेलं अर्धंच असेल. बाकीचं मी स्वतः केलं, आणि तेही पहिल्या दोन दिवसांत.

खांब न मोजताच वाट बघत बसणं

लाईट कधी येणार हे वायरमनला विचारण्याआधी रस्त्याने एक फेरी मारून या. नुसता डीओ, म्हणजे खांबावरचा फ्यूज, उडाला असेल तर तो काठीने परत बसवणं वायरमनचं तासाभराचं काम. डीपी, म्हणजे गल्लीतला ट्रान्सफॉर्मर, जळाली असेल तर दुसरी येऊन बसेपर्यंत दिवस जातात. खांबच मोडून पडले असतील, आणि एकदोन नव्हे तर ओळीने, तर आठवड्यांचा हिशेब धरा. दुरुस्ती सब-स्टेशनकडून सुरू होते. आधी मोठी लाईन, मग अकरा हजार व्होल्टचा फिडर, म्हणजे सब-स्टेशनातून गावांकडे येणारी लाईन, त्यातही दवाखाना आणि पाणीयोजना आधी, आणि मग गल्लीतली डीपी. फिडरच्या शेपटाला असलेल्या गावाचा नंबर शेवटी लागतो, त्याला वायरमन काही करू शकत नाही.

फेरी मारा, पण पडलेल्या तारेजवळ जाऊ नका. सगळ्या गावाची लाईट गेलेली असली तरी जाऊ नका. कारण जनरेटरच्या भागात येईलच.

तक्रार मात्र पहिल्याच दिवशी नोंदवा. महावितरणचा नंबर १९१२. तिथे बारा आकडी ग्राहक क्रमांक विचारतात. माझ्या बिलाचा फोटो मोबाइलमध्ये होता आणि मोबाइल बंद पडलेला. आता तो क्रमांक मीटरच्या पेटीशेजारी भिंतीवर ऑइलपेंटने लिहून ठेवलाय.

फ्रीझर उघडून बघत राहणं

ही चूक सगळ्यात महाग पडली. त्या वर्षी मार्चमध्येच सुट्टीचा माल भरून ठेवला होता. मग लॉकडाऊन लागला, आइस्क्रीम कोण खाणार? डीप फ्रीझर जवळजवळ भरलेला. मी काय केलं, तर दर दोन तासांनी झाकण सरकवून हात घालून बघायचो, "अजून घट्ट आहे ना?" प्रत्येक वेळी आतला थोडा गारवा बाहेर गेला.

गच्च भरलेला फ्रीझर न उघडता ठेवला तर साधारण दोन दिवस थंडी धरतो, अर्धा भरलेला एक दिवस. कोकणातल्या उकाड्यात आणि जुन्या रबराच्या फ्रीझरला त्याहून कमीच धरा. साध्या फ्रिजचा भरवसा चार तास, म्हणून दूध, पनीर, श्रीखंड यांचा निर्णय त्याच दिवशी घ्यायचा.

निर्णय म्हणजे काय? खांब पडलेले दिसले की पहिल्या संध्याकाळीच माल काढायचा. निम्म्या भावात द्या, नाहीतर वाडीतल्या पोरांना फुकट वाटा. दुधाचं रात्रीच दही लावा, नाहीतर चुलीवर खवा आटवा. मी थांबलो. तिसऱ्या दिवशी सकाळी फ्रीझरखालून गुलाबी पाण्याचा ओघळ आला होता. तो दारापर्यंत गेलेला आणि त्याच्या दोन्ही काठांनी मुंग्यांची रांग. वरून सगळे डबे नवेकोरे दिसत होते, आतून पाणी.

वितळलेलं आइस्क्रीम पुन्हा गोठवून विकायचा मोह अनेकांना होतो. करू नका. खडे धरलेलं आइस्क्रीम गिऱ्हाइकाच्या जिभेला कळतं, आणि वितळल्यावर त्यात काय वाढलं ते जिभेला कळत नाही, पोटाला कळतं. वास येत नाही म्हणून माल चांगला, हा हिशेब दुधाच्या पदार्थांना लावता येत नाही.

बंद फ्रीझरवर गोधड्या आणि गोणपाटं टाकली तर गारवा बराच टिकतो. बर्फाची लादी मिळाली तर लाकडाच्या भुशात ठेवा. पण लादीच्या भरवशावर राहू नका, बर्फाचा कारखानाही विजेवरच चालतो. आणि जनरेटर लावून फ्रीझर चालू करताना त्या गोधड्या काढा, नाहीतर मागची जाळी तापते आणि कॉम्प्रेसर बसतो.

जनरेटरच्या चुका: इथे जीव जातो

चौथ्या दिवशी मी भाड्याने छोटा पेट्रोल जनरेटर आणला. पाऊस होता म्हणून तो मागच्या मोरीत ठेवला आणि दार लोटून घेतलं. अर्ध्या तासात डोकं जड झालं, मळमळायला लागलं. उपाशीपोटी असल्यामुळे असेल असं वाटलं. शेजारच्या गिरणीवाल्या तात्यांनी येऊन दार सताड उघडलं आणि मला कॉलरला धरून बाहेर काढलं. "अरे, धूर दिसत नाही म्हणून काय झालं?" कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास. जनरेटर घरात नको, दुकानात नको, अर्धवट बंद शेडमध्येही नको. बाहेर, खिडक्या-दारांपासून वीसेक फूट लांब आणि धूर दुकानाकडे येणार नाही अशा तोंडाने ठेवा. पावसासाठी वर पत्रा चालेल, पण चारही बाजू मोकळ्या हव्यात.

दुसरी चूक मी केली नाही, पण गावात दोन ठिकाणी पाहिली. दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर घ्यायची, एक टोक जनरेटरमध्ये, दुसरं भिंतीच्या सॉकेटमध्ये, की सगळं घर लखलखलं. पण ती वीज घरापुरती राहत नाही. मेन स्विच चालू राहिला असेल तर ती मीटरमधून उलटी तारेवर जाते, आणि डीपी उलटी चालून तिचे अकरा हजार व्होल्ट करते. पलीकडे लाईन बंद आहे असं समजून लाईनमन खांबावर चढलेला असतो. पडलेल्या तारेजवळ जाऊ नका म्हटलं ते यासाठीच. जनरेटर जोडायचा तर मधे चेंजओव्हर स्विच (एका वेळी लाईन किंवा जनरेटर, एकच जोडणारा) हवा, तोही लायसन असलेल्या माणसाकडून बसवलेला. तेवढी सोय नसेल तर जनरेटरवरून जाड वायरचा एक्स्टेंशन बोर्ड काढा आणि फ्रीझर थेट त्यावर लावा.

आता आकाराचं बघू. "फ्रीझर दोनशे वॅटचा आहे, मग पाचशेचा जनरेटर पुरेल" असं मला भाड्याने देणाऱ्याने सांगितलं. कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर चालू भाराच्या तिपटी-चौपटीने, कधी त्याहूनही जास्त ओढतो. माझा जनरेटर गुरगुरला आणि बंद पडला, तीनदा. २ केव्हीएचा आणल्यावर काम झालं. २ केव्हीए म्हणजे साधारण १६०० वॅट, दोन हजार नव्हे. फ्रीझर सुरू होऊन स्थिरावला की मगच दिवे आणि चार्जर लावायचे.

तो दिवसभर चालवणंही चूकच. असा जनरेटर भार असताना तासाला पाऊण ते एक लिटर पेट्रोल पितो. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास फ्रीझर चालवला आणि मधे झाकण उघडलं नाही तर बऱ्यापैकी भागतं. आजच्या भावाने तेही दिवसाला चारशेच्या घरात जातं. आतला माल तेवढ्याचा नसेल तर फ्रीझर रिकामा करून झाकण उघडं ठेवणं शहाणपणाचं. हा हिशेब मी सातव्या दिवशी मांडला, तोवर पेट्रोल मालापेक्षा महाग पडलं होतं. आणि पेट्रोल ओतायच्या आधी इंजिन बंद करून गार होऊ द्या. गिऱ्हाईक खोळंबलं म्हणून तापलेल्या इंजिनावर ओतू नका.

इन्व्हर्टर म्हणजे विहीर समजणं

१५० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे कागदावर १२ गुणिले १५०, १८०० वॅट-तास. घट आणि बॅटरी पूर्ण न पिळण्याची काळजी धरली तर हाताशी १२०० समजा. पंखा ७० वॅटचा असेल तर तो एकटाच सतरा तासांत तिला संपवेल. दोन एलईडी, वजनकाट्याचं चार्जिंग आणि एक मोबाइल मिळून चाळीस वॅट धरले तर तीच बॅटरी तीस तास जाते. मी पहिल्या रात्री पंखा लावून झोपलो.

दुसऱ्या दिवशी बॅटरी बसली आणि तशीच रिकामी तीन आठवडे पडून राहिली. लाईट आल्यावर ती पूर्वीसारखी चार्ज झालीच नाही. लेड-अॅसिड बॅटरी रिकामी ठेवली की आतल्या प्लेटांवर थर धरतो. म्हणून जनरेटर चालू असतो त्या चार तासांत तिलाही चार्जिंगला लावायचं, आणि इन्व्हर्टर लो बॅटरीची शिट्टी मारायला लागला की बटण दाबून परत परत चालू करायचं नाही. डिस्टिल्ड वॉटर संपलं म्हणून बोअरचं पाणी तर अजिबात घालू नका. फ्रिज, मिक्सर असली मोटरची यंत्रं स्क्वेअर वेव्हच्या स्वस्त इन्व्हर्टरवर घुमतात आणि तापतात, ती त्यावर लावू नका.

रोकड, काटा, वही

टॉवरच्या बॅटऱ्या संपल्या की नेटवर्क जातं, आणि नेटवर्क गेलं की क्यूआर कोड म्हणजे भिंतीवरचं चित्र. एटीएमही बंद. गिऱ्हाइकाच्या खात्यात पैसे असतात, हातात नसतात. पाच-सात हजारांचे सुट्टे, दहा-वीसच्या नोटांत, दुकानात कायम ठेवा. उधारी द्यावीच लागते, ती तोंडी देऊ नका. बिलिंगचा कॉम्प्युटर बंद म्हणून मी चार दिवस "लक्षात ठेवतो" म्हणालो. ज्यांचे पैसे आले नाहीत त्यांना मी दोष देत नाही, त्यांच्याही लक्षात नव्हतं. शंभर पानी वही, तारीख आणि समोरच्याची सही. इलेक्ट्रॉनिक काटा बंद पडला तर जुनी तागडी चालते, पण वजनं वैधमापन खात्याचा शिक्का असलेली हवीत.

मेणबत्तीचा, माचिसचा भाव वाढवू नका. छापील किमतीपेक्षा जास्त घेणं हा गुन्हा तर आहेच. शिवाय गाव ते दहा वर्षं विसरत नाही.

पंचनाम्याआधी साफसफाई

वासाने जीव नकोसा झाला म्हणून मी सगळा माल खड्ड्यात पुरला आणि मग तलाठ्यांची वाट बघितली. दाखवायला काहीच उरलं नाही. आधी फोटो, मग डब्यांची मोजदाद, खरेदीची बिलं एका पिशवीत, आणि पंचनामा होईपर्यंत निदान रिकामे डबे तरी ठेवा. विमा असेल तर पॉलिसी आताच काढून वाचा. वादळाने पत्रे उडाले तर भरपाई मिळते, पण लाईट गेल्यामुळे माल नासला तर त्यासाठी सहसा वेगळं कलम जादा हप्ता भरून घ्यावं लागतं. ते घेतलंय असं मी नुसतं धरून चाललो होतो.

लाईट आली म्हणून सगळं एकदम चालू करणं

सव्विसाव्या दिवशी संध्याकाळी गल्लीत "आली, आली!" ओरडा झाला आणि दहा मिनिटांत दोन टीव्ही गेले. नव्याने ओढलेल्या लाईनीवर न्यूट्रल नीट बसला नसेल तर घरात २३० च्या जागी चारशेच्या आसपास व्होल्ट येऊ शकतात. म्हणून लाईट नसतानाच मेन आणि सगळे एमसीबी पाडून ठेवायचे. आली की फक्त एक साधा बल्ब लावून पंधरा मिनिटं बघायचं. डोळे दिपतील इतका पेटला किंवा मंद-तेज होत राहिला तर मेन परत खाली आणि वायरमनला हाक. मल्टिमीटर असेल तर तोच लावा, २६० च्या वर दाखवलं तर काही चालू करू नका. ठीक असेल तर आधी दिवे, मग फ्रिज, आणि पाच मिनिटांनी फ्रीझर.

थ्री फेजवाल्यांचं दुखणं निराळं. तिन्हीपैकी एक फेज आला नसेल आणि मोटर चालू केली तर ती घुमते, तापते आणि जळते. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर, म्हणजे एक फेज गेला की मोटर बंद करणारं यंत्र, बसवलेला असेल तर ती वाचते. शिवाय लाईन नव्याने जोडताना फेजांची अदलाबदल झाली तर मोटर चक्क उलटी फिरते. तात्यांनी हे कुठूनसं शिकून ठेवलं होतं. त्यांनी पट्टा काढून मोटर नुसती दोन सेकंद फिरवली आणि पुलीकडे बघितलं. उलटी. मेन बंद केला आणि वायरमनला बोलावून दोन वायरींची जागा बदलून घेतली. मग पट्टा चढवून पहिलं दळण घातलं. बाहेर दळणाच्या डब्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती.

माझा फ्रीझर सोड्याच्या पाण्याने तीनदा धुतला आणि दोन दिवस झाकण उघडं टाकून उन्हात ठेवला, तेव्हा वास गेला. असा फ्रीझर पुन्हा सुरू करताना लगेच माल भरू नका. आधी पाण्याच्या बाटल्या ठेवा, पाऊण भरलेल्या, म्हणजे गोठल्यावर फुटत नाहीत. चोवीस तासांत दगड झाल्या तर कॉम्प्रेसर धड आहे. त्या बाटल्या काढूही नका. रिकाम्या जागेत बर्फ असला की लाईट गेल्यावर गारवा जास्त टिकतो. आमच्याकडच्या तेव्हापासून तळाशी आहेत. "विकायच्या नाहीत" असं बायकोने वर मार्करने लिहिलंय, कारण मे महिन्यात एकदा मी त्यातली एक विकली होती.